आक्काची तांबडी गाठ

आमची आक्का जाऊन दोन महिने झाले आणि घरात चहापत्तीचा खप दुप्पट झालाय. भेटायला आलेला माणूस ओट्यावर टेकतो, डोळे पुसतो, "फार वाईट झालं" म्हणतो आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला हसायला लागतो. "ते जाऊ द्या, एकदा काय झालं, आक्का आमच्याकडं आल्या होत्या..." झालं! पुढचा अर्धा तास गेलाच. जाताना तोच माणूस म्हणतो, "लय दिवसांनी असं हसलो बघा." आक्काचे किस्से आम्ही कुणी जमवले नाहीत, लोकच घरपोच आणून देतात.

आक्का म्हणजे माझी आई. पण तिला आई म्हणणारं घरात कुणी नव्हतं. तिचा धाकटा भाऊ तिला आक्का म्हणायचा. त्याचं ऐकून आम्ही पोरं म्हणायला लागलो, आमचं ऐकून नातवंडं. शिक्रापूरजवळ आमच्या दहा खोल्या आहेत, कंपन्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या. ते बिहार-ओडिशाचे भाडेकरूसुद्धा आक्काच म्हणायचे. एवढं गावभर झालेलं नाव मूळचं भावाचं, हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

* * *

लग्नाकार्यात आहेराच्या साड्या कशा फिरतात ते मी सांगायला नको. एकानं दिली, दुसऱ्यानं घडी न मोडता कपाटात ठेवली, पुढच्या लग्नात तिसऱ्याला दिली. आमच्या नात्यात एक जांभळी साडी आहे. तिनं जेवढी लग्नं पाहिलीत तेवढी आमच्या भटजींनीही पाहिली नसतील!

आक्काला हे अजिबात मान्य नव्हतं. कुणाला साडी द्यायची असली की ती शिरूरला जाऊन दुकानात अर्धा दिवस बसायची. दुकानदार शंभर साड्या उलगडायचा आणि ही एक उचलायची. घरी आल्यावर त्या साडीच्या कोपऱ्याला तांबड्या दोऱ्याची बारीकशी गाठ मारायची. मूगडाळीच्या दाण्याएवढी. मग साडी घराबाहेर.

"ही कशाला गं?" मी लहानपणी विचारलं होतं.

"ही माझी लेक हाय. कुठं नांदाया गेली ते मला कळाय नको व्हय?"

हा झाला पहिला नियम. दुसरा नियम असा, की आपल्याला मिळालेली साडी नेसायचीच, आणि जिनं दिली तिच्याकडं जाताना तर हमखास तीच नेसायची. देणारीला अंगावर दिसली पाहिजे! त्यामुळं कुठं जायचं ठरलं की आक्का कपाटापुढं उभी राहून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारायची, "अवो, ही कुणाची?" आप्पांना आयुष्यात एकाही साडीचं उत्तर बरोबर देता आलं नाही.

तिसरा नियम तिनं स्वतःसाठी ठेवला होता. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात, भावानं आणलेली. आक्का जेवताजेवतासुद्धा बजावायची, "दत्तूची साडी आल्याबिगर मला उचलायची न्हाई. सांगून ठिवते."

आणि हा दत्तू, म्हणजे आमचा कासुर्डीचा दत्तूमामा, नऊ वर्षं आमच्या दारात आला नव्हता. ते का, ते सांगतोच. आधी दोन साड्यांचं सांगतो.

* * *

मे महिना. यवतजवळ हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात नात्यातलं लग्न. आक्का गाडीत बसली तेव्हाच मला ती जरा भरल्यासारखी दिसली. म्हटलं, "आक्का, तब्येत सुधारली का गं?"

"गप गाडी चालव."

एसी फुल केला तरी ती घामानं निथळत होती. माझी बायको वैशाली, सासूला ती आत्या म्हणते, दोनदा म्हणाली, "आत्या, बीपी तर नाही ना वाढलं?" आक्का नुसती मान हलवायची.

कार्यालयात उतरल्याउतरल्या माझी सासू भेटली. आक्काच्या अंगावर तिनं दिवाळीला दिलेली मोरपंखी साडी. सासू एकदम खूश! "शोभून दिसतीय हो तुम्हाला!" आक्का हसली. तेवढ्यात मागून माझी आत्या आली. आत्या म्हणजे आक्काची नणंद, आणि नणंद म्हणजे काय ते बायकांना ठाऊक आहे. तिनं आक्काला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंड पाडलं. "मी दिलेली न्हाई नेसलीस व्हय?"

आक्कानं इकडंतिकडं बघितलं, वाकली, आणि मोरपंखी निऱ्या चार बोटं वर उचलल्या. खाली आत्याची अबोली!

"हाय! तुमचीबी हाय!"

* * *

आमच्या चार नंबरच्या खोलीत बिहारचं जोडपं राहतं. रिंकू तेव्हा एकोणीस-वीसची असेल, दिवस भरलेले. नवरा सणसवाडीच्या कंपनीत, आणि तिथं मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. एका दुपारी रिंकूला कळा सुरू झाल्या. आक्कानं रिक्षा थांबवली, तिला आत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मी कंपनीतून हाफ डे टाकून पोचलो तेव्हा आक्का काउंटरवर उभी होती.

काउंटरवरची मुलगी फॉर्म भरत होती. "पेशंटच्या तुम्ही कोण?"

"आई."

मुलीनं आधार कार्ड बघितलं, मग आक्काच्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू बघितलं. "आजी, पेशंट तर बिहारची आहे."

"मग? पोरगी तिकडं दिली व्हती, आता बाळंतपनाला माघारी आली!"

त्या मुलीनं मान खाली घालून 'आई' लिहिलं. रिंकूला मुलगी झाली. बारशाला आक्कानं रिंकूला साडी घेतली, तांबड्या गाठीची. पुढं रिंकू लेकीला घेऊन गावी गेली आणि तिथून तिनं व्हिडिओ कॉल केला. तिच्याभोवती सासरच्या दहा बायका, सगळ्या महाराष्ट्रातली आक्का बघायला जमलेल्या. आक्का म्हणाली, "सबको नमस्कार. रिंकू, साडीका कोपरा दिखाव."

रिंकूनं कोपरा कॅमेऱ्यापुढं धरला. आक्कानं चष्मा वर करून बघितलं आणि मोठ्यानं आप्पांना सांगितलं, "नांदतीय!"

* * *

आता दत्तूमामा.

दत्तूमामा आक्कापेक्षा आठ वर्षांनी धाकटा. आजी लवकर गेली, त्यामुळं त्याला आक्कानंच कडेवर घेऊन वाढवला. ती सासरी निघाली तेव्हा हा बैलगाडीच्या मागं पळत आला होता, असं ती शंभर वेळा सांगायची. मामानं कासुर्डीला नवं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आक्कानं मामीसाठी साडी घेतली. हिरवीगार, डाळिंबी काठाची. ती दुकानात आक्काच्या मनात इतकी भरली होती, की घरी आणल्यावर दोन दिवस तिनं ती नुसती खुर्चीवर पसरून ठेवली होती. वैशाली म्हणाली, "आत्या, ही तुम्हीच ठेवा की." आक्का म्हणाली, "आपल्याला आवडती तीच द्यायची असती." आणि गाठ मारली.

दोन वर्षांनी मामाच्या मुलाचं लग्न निघालं. मांडवात आहेर सुरू झाले. माईकवर एक जण नावं पुकारत होता. "वराच्या आत्या, शिक्रापूर!" आक्का पुढं गेली. मामा-मामींनी तिला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, साडी हातात दिली. साडी हातात आली की आक्काचा अंगठा आपोआप कोपऱ्यावर जायचा. तसा तो गेला.

आणि थांबला.

माईकवाला शेजारीच वाकून उभा होता. माईक चालू होता.

"दत्तू! ही तर माझीच हाय!"

पाचशे माणसांचा मांडव. आधी शांत झाला, मग असा हसला की बँडवाल्यांना वाटलं नवरदेव घोड्यावरून पडला. दत्तूमामा लालबुंद! तो पंचायतीत निवडून आलेला माणूस, मांडवात तालुक्यातले सगळे पुढारी बसलेले. आक्कानं साडी त्याच्या हातात परत ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी जवळून बघितलं, बाकीच्यांना फक्त हसू ऐकू आलं.

"हिनं घडीबी मोडली न्हाई, दत्तू."

"चार मानसांत अब्रू घालवलीस माझी. आता तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई मी!"

"नको ठेवू. मी मेल्यावर तेवढी एक साडी घेऊन ये, बास!"

आम्ही न जेवता निघालो. गाडीत आप्पा एवढंच म्हणाले, "जिलेबी चांगली दिसत होती."

* * *

वर्षभरानं मामी मला शिरूरच्या बाजारात भेटली. माझा हात धरून रडायलाच लागली. "भाचेबापू, घरातल्या सगळ्या साड्या काढून बघितल्या आन् त्यातली सगळ्यात चांगली आक्काबाईंसाठी ठिवली. कुनी दिली व्हती ते कुठं ध्यानात राहतंय? मी तिची घडी मोडली न्हाई, कारन तिच्यावानी दुसरी घरात नव्हती."

मी घरी येऊन हे शब्दाला शब्द आक्काला सांगितलं. ती गवार निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मग त्यानं येऊन सांगायचं ना. मी काय दार लावून बसलीय व्हय?"

मी मामाला फोन लावला. तो म्हणाला, "मग तिनं एक फोन करायचा ना. मी काय नंबर बदललाय व्हय?"

एका आईची लेकरं! दोघांच्या मध्ये एक तासाचा रस्ता. आणि मधल्या मध्ये मी, नऊ वर्षं निरोप वाहून थकलेला.

* * *

माझी मुलगी सई कॉलेजला आहे. तिनं आक्काला मोबाईलवर साड्या दाखवल्या. आक्काला ते भलतंच आवडलं. शिरूरला न जाता शंभर साड्या बघायच्या, आणि दुकानदार वैतागतही नाही! एक साडी मागवली. आली तर रंग फोटोतल्यापेक्षा फिका.

सई म्हणाली, "काळजी करू नको, आक्का. सात दिवसांत रिटर्न करता येते."

"माघारी घेत्यात? आन् रागवत न्हाईत?"

"नाही गं. कारण सुद्धा नाही सांगितलं तरी चालतं."

दुसऱ्या दिवशी पोरगा येऊन साडी घेऊन गेला. आक्का दारात उभी राहून त्याची गाडी वळेपर्यंत बघत होती. मग सईला म्हणाली, "दिलेली साडी माघारी द्यायला सात दिवस. आन् बोललेलं माघारी घ्यायला किती असत्यात गं?"



* * *

भाऊबीजेला ज्या बाईचा भाऊ येत नाही ती चंद्राला ओवाळते. आक्का नऊ वर्षं चंद्राला ओवाळत होती. वर म्हणायची, "ह्यो तरी येतो. साडी आनत न्हाई, पर येतो."

त्यातल्या एका भाऊबीजेनंतर नदीच्या पुलाजवळचा चहावाला आमच्याकडं खोली बघायला आला होता, त्याच्या पुतण्यासाठी. बोलताबोलता म्हणाला, "तुमचे कासुर्डीचे मामा आमच्याकडं येत्यात की. दरसाल भाऊबीजेला. गाडी लावत्यात, दोन चहा पित्यात, तुमच्या गावच्या रस्त्याकडं बघत बसत्यात आन् माघारी जात्यात."

मी आक्काकडं बघितलं. मला वाटलं, आता ही रडणार. आता हिचा हट्ट सुटणार, आणि मी गाडी काढून कासुर्डीला निघणार. मी किल्लीसुद्धा हातात घेतली.

आक्का चहावाल्याला म्हणाली, "दोन चहा देतोस त्याला? साखर कमी घाल. शुगर हाय त्याला."

मी किल्ली परत खिळ्याला अडकवली.

* * *

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी आक्का तुळशीला पाणी घालून आत आली, भिंतीला टेकून बसली, आप्पांना म्हणाली, "चहा ठिवायला सांगा," आणि गेली. चहा उकळेपर्यंतही थांबली नाही. आजार नाही, दवाखाना नाही, कुणाला त्रास नाही. मरणसुद्धा तिनं तिच्या पद्धतीनं आटपलं. मला मात्र आजही चहा उकळायला लागला की आत जाऊन बघावंसं वाटतं.

मी मामाला फोन लावला. मामीनं घेतला. मी सांगितलं. पलीकडं ती मामाला सांगत असल्याचं ऐकू आलं, मग भांडं पडल्याचा आवाज, मग मामी फोनवर आली. "बापू, ते उठून गेले. काय बोलले न्हाईत. कुठं गेले म्हाईत न्हाई."

नऊ वाजले, दहा वाजले. गाव जमलं. अकराला सगळी तयारी झाली. बायकांनी आक्काला अंघोळ घातली आणि आतून निरोप आला, "साडी?"

मामाचा पत्ता नाही. फोन बंद.

बारा वाजले. ऊन डोक्यावर आलं. भावकीतले तात्या, गावातल्या प्रत्येक कार्यात पुढं असणारे, माझ्याजवळ आले. "किती थांबायचं? शिक्रापुरातून एक हिरवी साडी मागवू. मामाच्या नावानं घालू. गेलेल्या मानसाला काय कळतंय?"

मला पटत नव्हतं. पण चारशे माणसं उन्हात उभी होती. मी मान हलवणार तेवढ्यात आप्पा बोलले. 

"तिला कळंल. ती कोपरा बघती."

आम्ही थांबलो. उन्हात उभी असलेली माणसं कुरकूर न करता सावलीला सरकली. रिंकूनं माठ आणून मध्ये ठेवला आणि पाणी वाटत फिरली.

एकच्या सुमाराला रस्त्याच्या कडेनं दत्तूमामा चालत येताना दिसला. एकटा. सकाळचा निघालेला, पण नदीच्या पुलाजवळच बराच वेळ बसून राहिला होता; पुढं शिक्रापूरच्या चौकात ट्रकची लाईन लागली होती, त्यात त्यानं मोटरसायकल सोडली आणि तो तिथून पायी निघाला. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. पोटाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, दोन्ही हातांनी धरलेलं. दारापाशी आल्यावर तो उंबऱ्याच्या अलीकडं थांबला. नऊ वर्षांपूर्वीचं बोलणं त्याला आठवलं असावं. आप्पा उठले, त्याचा हात धरला आणि त्याला आत घेतलं.

वैशालीनं त्याच्या हातातून कागद घेतला, सोडला. आत हिरवी साडी, डाळिंबी काठाची. घडी तशीच होती, मोडलेली नव्हती. माझ्या बायकोचा अंगठा आपोआप कोपऱ्यावर गेला. इतक्या वर्षांत ती सवय तिलाही लागली आहे.

तिनं माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. मूगडाळीच्या दाण्याएवढं तांबडं.

दत्तूमामा आक्काजवळ खाली बसला. पंचायत, पुढारी, चारशे माणसं, कशाकडंच त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"आक्का, तुझीच हाय. आता माघारी देऊ नको."